बर्फात नेलेलं रक्त

आमच्या घरात कुठलीही वस्तू टिकवायची म्हटली की एकच उपाय होता, बर्फ. माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, वेंगुर्ल्याहून मासळी उचलून टेम्पोनं म्हापशाच्या बाजारात घालायचा. हमरस्त्याला लागून धारगळला आमचं घर, त्यामुळे येता-जाता टेम्पो दारात थांबायचाच. मागे लाकडी पेट्या, पेट्यांत बर्फ, बर्फात बांगडे, तारले, नशीब असलं तर इसवण. मासळीची पारख पुष्कळांना असते, दादाला बर्फाची पारख होती. लादी कशी फोडायची, तळाला किती घालायचा, वर भुसा किती पसरायचा, हे तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. शेजारच्या लग्नातले अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, तो सांभाळायचा, आजाऱ्याची औषधाची बाटली सांभाळायचा. "बर्फ घाल आनि निवांत नीज," असं म्हणायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणी माझ्या भावाला अडाणी म्हणेल, आणि ते मला खपायचं नाही.

मी तेव्हा डिचोलीला एका खाण कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. तिथंच भाड्यानं खोली, शनिवारी दुपारी धारगळला घरी. अंगावरची लाल धूळ आईच्या न्हाणीत धुवायची, पोटभर जेवायचं आणि दोन दिवस भांडायचं, हा माझा कार्यक्रम. भांडायला मला कारण लागत नाही. आई म्हणायची, ही पोर जन्मली तीच तोंड उघडून.

त्या वर्षीच्या थंडीत आई पाय लपवू लागली. लुगडं घोट्याच्याही खाली ओढून बसायची. एका शनिवारी मी सरळ ते वर केलं. दोन्ही नडग्यांवर डाग होते, जांभळं पडून चिरडल्यावर अंगणात पडतात तसे. एका घोट्यापाशी कातडी फाटून जखम झाली होती. "कधीपासून?" मी विचारलं. "पहाटे विहिरीवर गेले की येतत, ऊन लागला की जातत," ती म्हणाली. सांधेही धरत होते. तिनं खोबरेल चोळून बघितलं होतं, ओल्या हळदीचा लेप लावून बघितला होता, देवाकडे कौल लावून झाला होता. आम्हाला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

गावानं मात्र निदान केव्हाच करून टाकलं होतं. महारोग. कुणी तोंडावर बोलत नसे, पण शेजारीण विहिरीवर आपली कळशी आईच्या कळशीला लागू देईना. मी रविवारी सकाळी विहिरीवर गेले आणि तिला सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, गेल्या चतुर्थीला आमच्याच घरच्या नेवऱ्या चापल्यात ना, तेव्हा हात झडले नाहीत ते?" ती बाई त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. आईही मी डिचोलीला परत जाईपर्यंत बोलली नाही. तिला माझं भांडण नको होतं, तिला फक्त कळशीला कळशी लागायला हवी होती.

म्हापशाचे एक खाजगी डॉक्टर चांगले म्हणून दादा तिला तिथं घेऊन गेला, मीही रजा टाकून गेले. माणूस हुशार होता, ते मी आजही नाकारत नाही. डाग बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "थंडीत वाढतात?" मग त्यानं समजावून सांगितलं. रोगाशी लढायला रक्तात जे पदार्थ असतात, प्रतिपिंडं म्हणतात त्यांना, त्यांचीच कधीकधी एकमेकांशी गाठ बसते. थंडी लागली की त्यांचे पुंजके होतात आणि बारीक बारीक शिरांत अडकतात. आधी कातडीत, मग सांध्यांत, आणि शेवटी मूत्रपिंडात. आई सगळं कान देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे वंयच शेत खाता म्हणा की." वंय म्हणजे कुंपण. डॉक्टर हसले. असंच आहे, म्हणाले.

त्यांनी गोळ्या सुरू केल्या, पण अर्ध्या मनानं. त्या गोळ्यांनी अंग सुजतं, हाडं ठिसूळ होतात, रक्तात साखर वाढते. उगाच द्यायच्या नाहीत. पणजीला एका लॅबमध्ये ह्या पुंजक्यांची तपासणी होते, ती करून घ्या. रक्तात ते सापडले तर गोळ्या वाढवू आणि मूत्रपिंड वाचवू, नाही सापडले तर गोळ्या बंद. इतकं साधं होतं. आईचं पुढचं सगळं त्या एका तपासणीवर होतं, हे आम्हाला तिघांनाही नीट कळलं होतं.

पण ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. कोकणी की मराठी, यावरून गोवा पेटलेला. रस्त्यांवर झाडं आडवी पडत, टायर जळत, बसगाड्या बंद. त्यात पणजीचा पूल त्याच पावसाळ्यात कोसळलेला, नदी ओलांडायला बेतीची फेरीबोट आणि तिच्यासाठी ही रांग. फुटलेल्या घोट्याची बाई त्यातून न्यायची कशी? डॉक्टर म्हणाले, घरीच रक्त काढा आणि पोचवा. काचेची नळी दिली, चिठ्ठी दिली. "उशीर करू नका, रक्त खराब होता कामा नये," असं दोनदा बजावलं. याशिवाय काही बोलले नाहीत. मी तिथंच बसले होते, त्यामुळे हे मी शपथेवर सांगू शकते.

खराब होता कामा नये. हे मासळीवाल्याला सांगायचं म्हणजे काय?

गावातल्या निवृत्त नर्सबाईंनी सकाळी ओसरीवर आईचं रक्त काढलं. दादानं रुंद तोंडाचा थर्मास आधीच घासूनपुसून, उन्हात वाळवून ठेवला होता, मासळीचा वास लागू नये म्हणून. त्यासाठी बर्फही पेट्यांतला घेतला नाही. कारखान्यातून नवी लादी आणून, धुऊन, अगदी साखरेएवढा बारीक फोडला. नळी फडक्यात गुंडाळून त्यात उभी केली, वर बर्फ घातला, झाकण लावलं, झाकणावर ओलं गोणपाट बांधलं. नर्सबाईही म्हणाल्या, वा, किती व्यवस्थित. आई खांबाला टेकून हे सगळं बघत होती. "माझ्या रक्ताचो एवढो थाट," ती म्हणाली. दादा लाजला.

त्या दिवशी दादाला पणजी गाठायला सबंध दिवस लागला. कोलवाळच्या पुढे आडवं झाड होतं, म्हापशाबाहेर दगड रचलेले. एका ठिकाणी जमावानं टेम्पो अडवला आणि भाषा कुठली म्हणून विचारलं. दादा आयुष्यात कधी भाषणाला गेला नाही की मोर्चाला. त्यानं गोणपाट सोडून थर्मास दाखवला. "आवशीचा रगात आसा, जावक द्या," एवढंच म्हणाला. त्यांच्यातल्या दोघांनी पुढे होऊन दगड बाजूला केले. पुढे फेरीच्या रांगेतही त्यानं थर्मासातलं पाणी काढून बर्फ भरला. शेवटी लॅब बंद व्हायच्या बेतात असताना पोचला. घरी परत आला तेव्हा दमून चेहरा काळा पडला होता, पण डोळे असे चमकत होते की मी त्याला तसा कधीच बघितला नव्हता. "शेवटपर्यंत बर्फ तसोच होतो," तो आईला सांगत होता. पुढे कितीतरी दिवस तो ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि आम्ही पुन्हा पुन्हा ऐकायचो.

काही दिवसांनी अहवाल आला. पुंजके आढळले नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि आईला कातडीच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी मलम दिलं.

उन्हाळा आला आणि आईचे पाय स्वच्छ झाले. घोट्याची जखम भरली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून आम्ही देवाला नारळ ठेवला. त्याच उन्हाळ्यात गोवा घटक राज्य झालं. आमच्या ऑफिसात पेढे वाटले, त्यातले चार मी कागदात बांधून घरी नेले. आईनं एक खाल्ला आणि शेजारणीला एक नेऊन दिला. शेजारणीनं घेतला. घरी येऊन मला म्हणाली, "बघ, भांडाण न करता होता की नाय सगळा." इतकी खूश मी तिला त्यानंतर पाहिली नाही.

थंडी पुन्हा आली. ह्या वेळी डाग मांडीपर्यंत चढले. सकाळी उठली की डोळे सुजलेले, लघवीला फेस. सरकारी हॉस्पिटलात भरती केलं. तिथल्या डॉक्टरांनी जुने कागद चाळले, मूत्रपिंडं अधू झाल्याचं सांगितलं, आणि तीच तपासणी त्याच लॅबमध्ये पुन्हा करायला सांगितली. आम्ही तिला दादाच्या टेम्पोत पुढे बसवून लॅबवर नेलं.

लॅब एका वयस्क डॉक्टरीणबाईंची होती. रक्त त्यांनी स्वतः काढलं. सुई-सिरिंज आधी गरम पाण्यातून घेतली, रक्ताची नळी गरम पाण्याच्या थर्मासात उभी केली. आईला चक्कर येत होती म्हणून दादा तिला धरून बाहेर टेम्पोकडे घेऊन गेला. तिची शाल खुर्चीवरच राहिली. मी पैसे द्यायला थांबले आणि थर्मास बघून सहज बोलून गेले, "बाई, मागच्या वेळी आम्ही बर्फातून आणलं होतं. धारगळहून. बर्फ जराही कमी पडू दिला नाही."

बाईंनी चष्मा काढला. "बर्फातून?"

"हो. माझ्या भावानं. सबंध दिवस."

त्या म्हणाल्या, "मुली, हे रक्त थंड करायचंच नसतं. अंगाच्या उबेत ठेवावं लागतं. गुठळी होऊन वरचं पाणी वेगळं काढेपर्यंत." थंडीत खोबरेल थिजतं ना, त्या म्हणाल्या, तसंच. आम्ही जे शोधतो ते बर्फात आधीच थिजतं आणि गुठळीत अडकून बसतं. मग गुठळी आम्ही टाकतो आणि वरचं पाणी तपासतो. त्यात काय मिळणार?

"म्हणजे ते रक्तात होतं?"

"असणार."

"गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक वर्ष फार मोठं असतं, मूत्रपिंडासाठी," म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी आमच्या लक्षात आलं असतं तर तुम्हाला पुन्हा बोलावलं असतं. घेणाऱ्यानं नळी घेतली, ती बर्फातून आली हे मला कुणी सांगितलं नाही."

मला रडू आलं नाही, संताप आला. मी म्हटलं, बाई, हे माझ्या भावाला कळता कामा नये. त्या म्हणाल्या, मी कशाला सांगेन. वळले तर खुर्चीवर शाल नव्हती. बाहेर आले तेव्हा आई शाल पांघरून टेम्पोत बसली होती आणि दादा बॉनेटला टेकून नदीकडे बघत होता. मला त्या वेळी त्यात काही वावगं दिसलं नाही. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

अहवालासाठी मी एकटीच गेले. बाईंनी नळी दाखवली. आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या त्या पिवळट पाण्याच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता, तांदूळ धुतल्याच्या पाण्यात बसतो तसा. त्यांनी नळी कोमट पाण्यात धरली. गाळ हळूहळू विरघळला आणि पाणी स्वच्छ झालं. मी बघतच राहिले. आईचं आयुष्य असंच विरघळलं म्हणावं, तसलं काही मला सुचलं नाही. मला एवढंच वाटलं की इतकं सोपं होतं. नळी काखेत धरून नेली असती तरी चाललं असतं.

तिथून मी थेट म्हापशाला त्या डॉक्टरांकडे गेले. बाहेर पेशंट बसले होते, मी थांबले नाही. "एक वाक्य बोलायचं होतं तुम्ही," मी म्हटलं. "बर्फ घालू नका. चार शब्दसुद्धा नाहीत." ते म्हणाले, मला वाटलं लॅबवाले सांगतील. लॅबवाल्यांना वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. नर्सबाईंना वाटलं मासळीवाल्याला बर्फाचं काय शिकवायचं. सगळ्यांना काही ना काही वाटलं होतं. मी बोलायचं तेवढं बोलले, भरपूर बोलले, आणि बाहेर येऊन स्टँडवर बाकड्यावर बसले. त्या माणसाला शिव्या देऊन आईच्या लघवीतला फेस काही कमी होणार नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या, जबर. आईचा चेहरा सुजून ओळखू येईना. तिला थंडीपासून जपायचं, एवढं हॉस्पिटलनं सांगून घरी सोडलं. आणि दादानं जपलं. पहाटे तो सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीतल्या भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याखाली, जाळ करायचा. आईचे पाय गरम पाण्यानं शेकायचा, लोकरीचे मोजे चढवायचा, कोळशाची शेगडी तिच्या खाटेशी ठेवून मगच टेम्पो काढायचा. टेम्पो आता दारात उभा करत नसे, रस्त्याच्या पलीकडे लावायचा. परत आला की आधी हात गरम पाण्यात धरून बसायचा, आणि ते तापल्याशिवाय आईला हात लावायचा नाही. थर्मासची ती गोष्टही त्यानं पुन्हा कधी कुणाला सांगितली नाही. मला वाटायचं, किती शहाण्यासारखं डॉक्टरांचं ऐकतोय. मला, म्हणजे ह्या तोंडाळ बाईला, जिला सगळ्यांचं सगळं कळतं.

आई त्याच थंडीत गेली. सकाळी, घरी, शेगडी पेटलेली असताना. शेवटचे दिवस तिला शुद्ध नव्हती. डागांनी पाय पोटऱ्यांपर्यंत काळे पडले होते, मी मोजे काढू दिले नाहीत.

आमची थोरली बहीण, ताई, लग्न होऊन मुंबईला. कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केला. ती मिळेल त्या गाडीनं निघते म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या आत पोचणं शक्य नव्हतं. "मी येईपर्यंत आईला ठेवा," ती फोनवर रडत म्हणाली. "दादाला सांग, बर्फ घाल म्हणावं." यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे कुणाची लेक, कुणाचा मुलगा लांबून यायचा असला की मयताला बर्फाच्या लाद्यांवर ठेवतात. गावातल्या कितीतरी मयतांना दादानंच बर्फ आणून दिला होता.

मी अंगणात येऊन निरोप सांगितला. काका म्हणाले, "मग काय, घरचोच बर्फ. जा रे, चार लाद्यो घेवन ये." दादा पायरीवर बसला होता. उठला नाही. काकांनी पुन्हा सांगितलं. कुणी म्हणालं, पोरगा सुन्न झालाय, टेम्पोची चावी द्या, आम्ही आणतो. तेव्हा दादानं चावी मुठीत धरली.

"बर्फ नको," तो म्हणाला.

"अरे, पोरगी येता, तुझी भैन. आवशीचा तोंड बघूक नको तिका?"

"बर्फ नको. आवशीक थंडी सोसणा नाय."

काकांनी कपाळावर हात मारला, दुःखानं डोकं फिरलं म्हणाले. पण मी दादाकडे बघत होते आणि तो माझ्याकडे. खुर्चीवरची शाल कुणी उचलली ते मला तेव्हा कळलं. शाल न्यायला तो परत आत आला होता. माझ्या पाठीमागे उभा राहून त्यानं सगळं ऐकलं होतं, 'असणार'सुद्धा, आणि 'भावाला कळता कामा नये'सुद्धा. मग शाल घेऊन बाहेर गेला आणि आईला पांघरली. त्या दिवसापासून तो पहाटे जाळ करत होता.

मी काकांना म्हटलं, "दादा म्हणतो तसंच करा." सगळे माझ्यावर संतापले. आयुष्यात एकदाच मी कुणाला उलट उत्तर दिलं नाही.

दुपार कलायच्या आत आम्ही आईला नेलं. ताई सकाळी आली तेव्हा ओसरीवर दिवा होता आणि आईची जागा सारवलेली होती. ती दादासमोर जाऊन उभी राहिली. "जगाच्या मयतांना बर्फ पुरवलास," ती म्हणाली. "स्वतःच्या आईसाठी एक लादी मिळाली नाही तुला?" दादा मान खाली घालून ऐकत राहिला. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

ह्या गोष्टीला फार वर्षं झाली. दादानं पुढे टेम्पो विकून हमरस्त्यावर नारळाचं दुकान टाकलं. आम्ही दोघांनी याविषयी एकमेकांशी एक अक्षर काढलेलं नाही. ताईला सांगावं असं मला कितीदा वाटलं. पण सांगायचं म्हणजे आईचं रक्त बर्फात कुणी नेलं तेही सांगायचं, आणि ताईचं तोंड माझ्यापेक्षा काही कमी नाही.

गेल्या चतुर्थीला ती आली होती. रात्रभर प्रवास करून, अंग आखडलेलं. ओसरीवर टेकल्या टेकल्या, दादा अंगणात आहे हे बघून मुद्दाम मोठ्यानं मला म्हणाली, "एक लादी गं. फक्त एक लादी मागितली होती मी."

दादानं हातातली बाल्दी खाली ठेवली. न्हाणीत गेला, भाणाखालचा जाळ पुढे सारला, पाण्यात बोट घालून बघितलं. मग दारात येऊन, कुणाकडेच न बघता म्हणाला, "तिका सांग, पाणी तापला हा. आंघोळ करून घे म्हणावा, वारो गार आसा."